खाकी कधी घालायची?

७ ऑगस्ट २०१८ रोजी काश्मीरमधल्या गुरेझ सेक्टरमध्ये मेजर कौस्तुभ राणे यांना वीरमरण आलं. वय २९. घर मीरारोडला, म्हणजे आमच्या नालासोपाऱ्यापासून लोकलने चार स्टेशनं. बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या एनसीसीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता : अंत्ययात्रेला ड्रेसमध्ये जायचं का?

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि 'सी' सर्टिफिकेटच्या परीक्षेची तयारी करत होतो. ग्रुपवर उत्तर यायच्या आधीच मी बेल्टचं पितळ ब्रासोने घासलं, बूट चमकवले. आईने शर्टाला कांजी केली. रात्री साडेदहाला सरांचा मेसेज आला. सर म्हणजे आमचे एएनओ, एरवी केमिस्ट्री शिकवणारे. मेसेज तीन वाक्यांचा होता. आदेश नाही. साध्या कपड्यांत जा. मागे उभे राहा.

आम्ही सहाजण पांढरे शर्ट घालून गेलो आणि गर्दीच्या मागच्या बाजूला उभे राहिलो. पुढे काय चाललंय ते फारसं दिसत नव्हतं. बाजूला दोन-तीन मुलं बाजारात मिळणारे कॅमोफ्लाजचे टी-शर्ट घालून आली होती. त्यांच्यापेक्षा आपला हक्क जास्त आहे असं मला त्या क्षणी वाटलं, हे कबूल करतो. मानवंदना झाली तेव्हा आम्ही सहाजण आपोआप सावधानमध्ये आलो. कुणाच्या लक्षात आलं नसावं.

राग वेगळ्याच गोष्टीचा होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत आम्हा वीस कॅडेट्सना एका गृहसंकुलाच्या उद्घाटनाला उभं केलं होतं. पूर्ण ड्रेस, टोपीवर लाल हॅकल, पांढरे हातमोजे. पाहुणे दोन तास उशिरा आले. आम्ही दोन रांगा करून सलामी दिली, मधून पाहुणे गेले, त्यांच्यामागून ढोलताशा गेला, आणि मग आम्हाला वडापाव मिळाला. त्या दिवशी मात्र आदेश होता. कुठून आला होता ते सरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. म्हणजे एका बिल्डरच्या नारळाला खाकी चालते आणि मेजर राण्यांच्या अंत्ययात्रेला चालत नाही? हा प्रश्न मी ट्रेनमध्ये मोठ्याने विचारला होता. तेव्हा कुणाकडे उत्तर नव्हतं. नंतर नोकरीला लागलो, ड्रेस युनिटच्या स्टोअरमध्ये जमा झाला, पण प्रश्न काही जमा झाला नाही. मग मी या कपड्याचा इतिहास वाचायला लागलो.

आधी रंगाबद्दल. खाकी हा शब्द फारसीतल्या 'खाक'वरून आला, म्हणजे धूळ, माती. कंपनीच्या फौजा लाल डगले घालत. १८४६ साली पेशावरच्या बाजूला हॅरी लम्सडेनने 'कोअर ऑफ गाइड्स' ही तुकडी उभी केली आणि तिला मातीच्या रंगाचे ढगळ कपडे दिले. कारण साधं होतं : त्या उघड्याबोडक्या डोंगरांत लाल डगला लांबून दिसतो. पुढे हा रंग पसरत गेला आणि १९०२ साली ब्रिटिश लष्कराने खाकी 'सर्व्हिस ड्रेस' अधिकृत केला. लाल डगला मात्र फेकून दिला नाही, तो परेडसाठी ठेवला. बकिंगहॅम राजवाड्यासमोर अजून तोच दिसतो.

इथे मला पहिला धागा सापडला. समारंभाचा पोशाख सहसा कुणी समारंभासाठी म्हणून शोधून काढलेला नसतो. तो कालचा लढाईचा पोशाख असतो. कामातून निवृत्त होतो आणि मानाला बसतो. आपल्या घरांतही हे दिसतं. आमच्याकडच्या सामवेदी कुपारी बायकांचं लाल लुगडं एके काळी रोजचं होतं, आता ते लग्नात आणि सणाला निघतं.

खाकीचंही तेच झालं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात ती निरुपयोगी ठरली आणि हिरवा रंग आला. स्वतंत्र भारताच्या सैन्याने ऑलिव्ह ग्रीन घेतला, नंतर ठिपक्यांचा कॅमोफ्लाज. १५ जानेवारी २०२२ च्या आर्मी डेला तर निफ्टच्या मदतीने केलेला नवा डिजिटल नमुना परेडवर उतरला. एनसीसीच्या आर्मी विंगची पोरं मात्र खाकीतच राहिली. म्हणजे आम्ही जो 'साधा' ड्रेस समजून शनिवारच्या परेडला घालत होतो, तो मुळातच एका जुन्या सैन्याचा पोशाख होता. पांढरा बेल्ट आणि हातमोजे चढवले की आम्ही त्याला 'सेरेमोनियल' म्हणायचो, पण खरं तर तो उतरवलेल्या मोज्यांसकटही सेरेमोनियलच होता.

खाकीचा दुसरा इतिहासही आहे, आणि तो आमच्या जिल्ह्यात दगडात कोरलेला आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला 'चले जाव'च्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाचजण मारले गेले. आज तिथे हुतात्मा स्तंभ आहे. बारावीला असताना मी त्या स्तंभापाशी खाकीत उभा राहून सॅल्यूट केला होता. गोळ्या घालणारे खाकीत होते हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. आता आठवलं की थोडं चमत्कारिक वाटतं. पण तसं बघितलं तर ज्या कपड्याची भीती वाटायची तोच स्वातंत्र्यानंतर आपल्या पोरांना घालायला दिला, यात कुणाला तरी मुद्दाम काही साधायचं असेल, किंवा गोदामात कापड शिल्लक असेल. दोन्ही शक्यता मला तितक्याच खऱ्या वाटतात.

कॉलेजच्या पोरांना लष्करी कपडे घालायला देण्याची सुरुवात पहिल्या महायुद्धातली. १९१७ च्या कायद्याने विद्यापीठांत 'युनिव्हर्सिटी कोअर' निघाली, १९२० च्या टेरिटोरियल कायद्यानंतर तिची 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर' झाली, म्हणजे यूटीसी. तिची एक तुकडी मुंबई विद्यापीठातही होती. सरकारला माणसं हवी होती. पोरांना काय हवं होतं, ते कलकत्त्याच्या तुकडीतल्या एका पोराने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. त्याचं नाव सुभाषचंद्र बोस. फोर्ट विल्यममध्ये रायफली घ्यायला पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा आपल्या हक्काची, पण अन्यायाने नाकारलेली वस्तू ताब्यात घेतोय असं विचित्र समाधान वाटलं, अशा अर्थाचं ते म्हणतात.

हे 'नाकारलेली' महाराष्ट्राला चांगलं समजायला हवं. महारांची लष्करातली भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. ज्यांच्या तीन-चार पिढ्या पलटणीत गेल्या, ज्यांना गावात धड वस्त्र घालायची मुभा नव्हती पण छावणीत बटणं लावलेला डगला मिळत होता, त्यांचा तो डगला एका हुकमाने काढून घेतला गेला. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी याच पिढीतले. भरतीचं दार मधल्या काळात किलकिलं झालं आणि पुन्हा बंद झालं. महार रेजिमेंट उभी राहिली ती थेट १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावात. म्हणून 'गणवेश म्हणजे नुसता दिखावा' असं कुणी म्हणालं की मी गप्प बसतो. ज्याच्या कपाटात तो कायमच होता, त्यालाच असं म्हणणं परवडतं.

बोसांची गोष्ट मात्र इथे संपत नाही. डिसेंबर १९२८ ला कलकत्त्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष मोतीलाल नेहरू पांढऱ्या घोड्यांच्या गाडीतून आले आणि दोन हजारांवर स्वयंसेवकांची लष्करी थाटाची संचलनं झाली. त्यांचे 'जनरल ऑफिसर कमांडिंग' होते सुभाषबाबू, हार्मन नावाच्या कलकत्त्याच्या विलायती शिंप्याकडून शिवून घेतलेल्या पूर्ण गणवेशात. गांधींनी या सगळ्याची तुलना लंडनच्या बर्ट्राम मिल्सच्या सर्कशीशी केली. खादीच्या मांडवात विलायती शिंप्याचा जनरल!

गांधींचा टोमणा मला पटतो आणि पटतही नाही. सर्कस होतीच. पण बोसांचं म्हणणं असं असावं की ज्यांना राज्य करायचं आहे त्यांनी आधी नीट रांगेत चालायला शिकावं, आणि रांगेत चालायचं तर अंगावर एकसारखं काहीतरी लागतं. पंधरा वर्षांनी आझाद हिंद सेनेच्या गणवेशातल्या त्याच माणसाला कुणी सर्कस म्हटलं नाही. मधल्या काळात गणवेशामागे काहीतरी उभं राहिलं होतं.

त्या दोन दशकांत देशभर जो तो गणवेश शिवत होता. डॉ. ना. सु. हर्डीकरांनी हुबळीहून हिंदुस्थानी सेवा दल चालवलं. नागपुरात संघाची खाकी हाफपँट आली. बाबासाहेबांच्या समता सैनिक दलाचे स्वयंसेवक गणवेशात सभेचा बंदोबस्त करत. १९४१ ला पुण्यात एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल नव्याने उभं राहिलं. डॉ. बा. शि. मुंजे १९३१ च्या मार्चमध्ये रोमला गेले, मुसोलिनीला भेटले आणि फॅसिस्टांची 'बलिला' ही पोरांची संघटना पाहून आले. परतल्यावर त्यांनी नाशकात भोसला मिलिटरी स्कूल काढलं, १९३७ साली. मुंजे काही नुसते हौशी नव्हते. भारतीय अधिकाऱ्यांसाठी देशातच अकादमी असावी म्हणून नेमलेल्या समितीवर ते होते. पण काळ्या शर्टातल्या आठ वर्षांच्या पोरांची परेड पाहून हुरळून जाणं आणि त्या पोरांचं पुढे काय होतं ते बघणं यांत अंतर होतं, आणि १९३१ ला ते बहुतेकांना दिसत नव्हतं.

सरकारला मात्र या सगळ्या परेडी दिसत होत्या. महायुद्ध सुरू झाल्यावर, ऑगस्ट १९४० मध्ये, भारत संरक्षण नियमांखाली खाजगी संघटनांच्या लष्करी कवायतीवर आणि लष्कर-पोलिसांसारख्या दिसणाऱ्या गणवेशावर बंदी आली. संघाचा खाकी शर्ट पांढरा झाला तो याच वर्षी. गणवेश कधी घालायचा या प्रश्नाचं हे सर्वात रोखठोक सरकारी उत्तर होतं : आम्ही दिला तर घाला, नाहीतर घालू नका.

गंमत अशी की स्वातंत्र्यानंतर आपण हेच उत्तर पुढे चालवलं. भारतीय दंड संहितेचं कलम १४० होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते १६८ आहे : सैनिक नसताना, लोकांना आपण सैनिक वाटावं या हेतूने सैनिकाचा वेश घालणं गुन्हा. कळीचा शब्द 'हेतूने'. नाटकातला नट सुटतो, तोतया अडकतो.

एनसीसीचा पाया ज्यांच्या अहवालावर आहे ते पंडित हृदयनाथ कुंझरू हे मला या सगळ्या कथेतलं सर्वात आवडतं पात्र. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे ते अध्यक्ष होते. नेमस्त माणूस, आयुष्यभर सनदशीर. ते स्काउटिंगमध्येही बुडालेले होते. ब्रिटिश स्काउट संघटना हिंदी पोरांना घेत नव्हती तेव्हा ॲनी बेझंटबाईंनी मद्रासला वेगळी संघटना काढली, आणि अलाहाबादला मालवीय, कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काउट उभे केले. १९५० ला सगळ्या शाखा मिळून 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' झाली, तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त कुंझरूच.

अशा माणसाकडे १९४६ साली कॅडेट कोअरची समिती आली. अहवाल मार्च १९४७ चा. फाळणीच्या गदारोळातून वाट काढत १९४८ साली कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ ला एनसीसी सुरू झाली. पहिले संचालक कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर, जे पुढे १९७३ ला लष्करप्रमुख झाले. मुलींचा विभाग दुसऱ्याच वर्षी आला, १९५० ला मुंबई आणि कलकत्त्यात एअर विंग, १९५२ ला नेव्हल. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असा तीन दलांचा तीन पट्टी झेंडा १९५४ चा.

कॅडेट हा सैनिक नाही, त्याच्यावर लष्करात जायची सक्ती नाही, हे पहिल्यापासून स्पष्ट होतं. मग त्याला सैनिकाचा पोशाख का? मी जे वाचलं त्यावरून माझा अंदाज असा की कुंझरूंच्या पिढीला पोशाख हे शिकवण्याचं साधन वाटत होतं. बटण तुटलं तर स्वतः लाव, बूट स्वतः घास, शेजाऱ्याची टोपी वाकडी असेल तर त्याला सांग. एनसीसीत याला 'टर्नआउट' म्हणतात, आणि ज्याला टर्नआउटवरून उस्तादांच्या शिव्या बसल्या नाहीत त्याने एनसीसी केलीच नाही. त्या अर्थी खाकीची खरी जागा मैदान. समारंभ ही वर्षातून दोन-तीनदा येणारी परीक्षा. जानेवारीच्या अखेरीस दिल्लीच्या करिअप्पा मैदानावर पंतप्रधानांसमोर रॅली होते, तिथे महाराष्ट्राने बॅनर अनेकदा जिंकला आहे. पण त्या दहा मिनिटांसाठी निवड शिबिरांमागून शिबिरं चालतात. समारंभाला अधिकार येतो तो या मागच्या घामातून. आमच्या त्या गृहसंकुलाच्या दोन रांगांमागे असं काही नव्हतं. आम्ही तिथे कॅडेट नव्हतो, सजावट होतो. फुग्यांची कमान आणि आम्ही.

आता आजोबांची गोष्ट, कारण ती राहिली तर आजी रागवेल. १९६२ च्या चीन युद्धानंतर १९६३ ला कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली. आजोबा त्या लाटेतले. त्यांना कवायतीत काडीचा रस नव्हता, पण १९६५ च्या युद्धात कॅडेट्सना नागरी संरक्षणाच्या कामाला लावलं तेव्हा ब्लॅकआउटमध्ये घरोघर उजेड तपासत फिरल्याचं ते रंगवून सांगतात. त्यांचा खाकीतला एक स्टुडिओ फोटो आहे. मागे रंगवलेला डोंगर, पायात अँकलेट, चेहऱ्यावर फील्ड मार्शलचा भाव. लग्नासाठी स्थळं बघताना हाच फोटो पाठवला गेला. आजीच्या माहेरी सगळे समजले मुलगा मिल्ट्रीत आहे. साखरपुड्याला कळलं की तो रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात आहे. कलम १४० मधला 'हेतूने' इथे सिद्ध करता येईल असं मला वाटतं, पण फिर्यादी फिर्याद द्यायला तयार नाही.

सक्ती पाच वर्षं टिकली. ज्यांना नको त्यांच्या अंगावर घातलेला गणवेश शिस्त शिकवत नाही हे लवकर कळलं. मद्रासमध्ये हिंदी आज्ञांवरून विरोध पेटला आणि जानेवारी १९६८ मध्ये अण्णादुराईंच्या सरकारने विधानसभेत त्याविरुद्ध ठरावच केला. त्याच वर्षी एनसीसी पुन्हा ऐच्छिक झाली. ज्यांना कवायत नको त्यांच्यासाठी १९६९ ला एनएसएस आली. तिला गणवेश नाही, छातीवर बिल्ला आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर, गेल्या दिवाळीत, मी सरांना भेटायला गेलो. ते आता निवृत्त झालेत, वसईत राहतात. चहा झाल्यावर मी तो २०१८ चा मेसेज काढला. त्यांना आठवत होता.

"मला वाटलंच होतं तू एक दिवस विचारशील," ते म्हणाले. "तिथे पलटणीतली माणसं होती. त्यांचा माणूस गेला होता. त्यांच्या खाकीला, आपलं, त्यांच्या हिरव्याला त्या दिवशी अर्थ होता. तुम्ही खाकीत गेला असतात तर लोकांनी तुम्हाला वाट करून दिली असती, पुढे नेऊन उभं केलं असतं. फोटो आले असते. त्या घरातल्या लोकांच्या पुढे उभे राहिला असतात तुम्ही."

मी म्हटलं, "आणि फेब्रुवारीतलं उद्घाटन, सर?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथे नाही म्हणायला हवं होतं. मला जमलं नाही." आणि आतून फरसाणाची बशी आणायला उठले.

मी एवढा इतिहास वाचून जे जमवलं होतं ते त्यांच्यासमोर मांडायचं राहून गेलं. आदेश होता की नव्हता हा प्रश्नच चुकीच्या जागी होता, हे मला सॉफ्टवेअरवाल्याच्या भाषेत सांगायचं होतं : परवानगी तपासली, गरज तपासली नाही. पण त्यांना ते माझ्या आधीपासून माहीत होतं.

गेल्या ऑगस्टमध्ये ताईच्या मुलाच्या शाळेत फॅन्सी ड्रेस होता. त्याला सैनिक व्हायचं होतं. विरार स्टेशनबाहेर लहान मुलांचे कॅमोफ्लाजचे सूट टांगलेले असतात, जुन्या ठिपक्यांचे. नव्या डिजिटल नमुन्याची लष्कराने नोंदणी करून घेतली आहे आणि विनापरवाना विक्रीला मनाई आहे. एक सूट घेतला, प्लास्टिकची बंदूक घेतली. घरी आल्यावर पोराची नजर माझ्या कपाटातल्या डबीवर गेली. ड्रेस परत करताना सगळं मोजून घेतलं होतं, पण लाल हॅकल मी स्वतः विकत घेतलेला होता, म्हणून तो राहिला आहे.

"मामा, हे टोपीला लावू?"

मी नाही म्हटलं. का ते त्याला सांगता येईना. ताई म्हणाली, अरे पाच वर्षांचं पोर आहे, पिसांचा गोंडा तर आहे. ते खरंच होतं. शेवटी आजोबांनी देव्हाऱ्याजवळच्या परडीतून एक लाल जास्वंद आणून त्याच्या टोपीत खोचली. शाळेत पोहोचेपर्यंत ती कोमेजली, पण त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.